कोकणची पुरी : एका राजधानीच्या नावाचा शोध

१

राजधानी नष्ट झाली तरी तिची जागा नष्ट होत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. या समजास बळ देणारे सर्वांत ठळक उदाहरण चीनमधील चांगआन या नगराचे होय. सुई वंशाच्या वेन्‌ती या सम्राटाने इसवी सन ५८२ मध्ये ही नगरी नव्याने वसविली आणि तांग सम्राटांच्या काळात ती पूर्व आशियातील सर्वश्रेष्ठ राजधानी ठरली. तटाच्या आतील तिचे क्षेत्र सुमारे ८४ चौरस किलोमीटर होते. रेखीव रस्त्यांनी विभागलेल्या शंभरांहून अधिक वेशीबंद पेठा तीत होत्या. जपानमधील नारा (७१०) व क्योटो (७९४) या राजधान्यांची आखणी तिच्याच नमुन्यावर झाली. इसवी सन ९०४ मध्ये राजवाडे मोडून त्यांचे लाकूडसामान नदीच्या प्रवाहातून लोयांगकडे नेण्यात आले व ही राजधानी संपली. परंतु १०७६ मध्ये सुंग मिनच्यू या पंडिताने तिच्या पेठापेठांचे वर्णन ग्रंथबद्ध केले आणि १०८० मध्ये तिचा नकाशा शिळेवर कोरण्यात आला. १९५७ पासून पुरातत्त्वज्ञांनी तेथे पाहणी व उत्खनन हाती घेतले, तेव्हा या लिखित परंपरेच्या आधारे मातीतील तट व वेशी ओळखणे त्यांस शक्य झाले.

आता याच काळातील आपल्या किनाऱ्याकडे वळून पाहावे. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या ऐहोळे येथील प्रशस्तीत कोकणच्या मौर्यांची राजधानी ‘पुरी’ हिचा उल्लेख आहे. ही प्रशस्ती शके ५५६ मधील, म्हणजे इसवी सन ६३४-३५ ची. पुरी ही पश्चिम समुद्राची जणू लक्ष्मीच होती आणि शेकडो नौकांच्या साह्याने तिला वेढा घालून पुलकेशीने ती जिंकली, असा त्या वर्णनाचा आशय आहे. पुढे नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या ताम्रपटांतही हेच नाव येते. सहा शतकांहून अधिक काळ ज्या नगरीच्या नावाने कोकणचे स्वामित्व मिरविले गेले, ती नगरी नेमकी कोठे होती याविषयी मात्र आजही विद्वानांत मतैक्य नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाचा भाषाशास्त्राच्या बाजूने विचार करण्याचा आहे. स्थलनामांचा पुरावा या वादात वारंवार पुढे करण्यात आला आहे. परंतु त्या पुराव्याचे बळ किती आणि मर्यादा कोणती, याची छाननी तितक्या काटेकोरपणे झालेली नाही. ती केल्यास वादाचा बराच भाग आपोआप गळून पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

प्रथम एका सावधगिरीचा उल्लेख करणे अवश्य आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून ते सर्वांस परिचित आहे. शेजारच्या कर्नाळ्याच्या माथ्यावरून निरभ्र दिवशी मुंबई बंदराचे पाणी दिसते. ज्या टापूत पुरीचा शोध घ्यावयाचा तोच हा टापू. त्यामुळे ‘शिरढोण’ या नावातील ‘शिर’ म्हणजे ‘श्री’ असे मानून, शिलाहारांच्या ‘श्रीस्थानका’शी त्याचा संबंध जोडण्याचा मोह एखाद्या विद्यार्थ्यास सहज होईल. ‘श्री’चे प्राकृतात ‘सिरि’ होते हेही खरेच आहे. परंतु शिरढोण नावाची गावे सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ तालुक्यात आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आहेत, आणि धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यात शिराढोणही आहे. जी उपपत्ती पनवेलच्या शिरढोणास लावावयाची ती या सर्वांस लागू पडली पाहिजे. आणि ती सर्वांस लागू पडली की कोकणच्या राजधानीशी तिचा काही संबंध उरत नाही.

तीच गोष्ट ‘साष्टी’ची. शिलाहार राजा छित्तराज याच्या भांडुप येथील ताम्रपटात (शके ९४८, इसवी सन १०२६) ‘षट्षष्टि’ हा विषय, म्हणजे परगणा, येतो. त्याचेच आजचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचा समूह म्हणून हे नाव पडले. परंतु गोव्यातही सासष्टी आहेच. सारांश, नावाचे साम्य हे ओळखीचे साधन आहे, ओळखीचा पुरावा नव्हे. ध्वनिपरिवर्तनाचे नियम एखादी व्युत्पत्ती अशक्य आहे असे निश्चयाने सांगू शकतात. ती शक्य आहे असेही सांगू शकतात. परंतु ती खरी आहे, हे केवळ त्यांच्या आधारे ठरत नाही. त्यासाठी इतिहासाचा साक्षीदार लागतो.

३

या दृष्टीने पुरीच्या निरनिराळ्या दावेदारांचा विचार करू. आजवर ठाणे, कल्याण, सोपारे, चौल, मागाठाणे, राजपुरी व घारापुरी अशी नावे सुचविण्यात आली आहेत.

यांपैकी ठाण्याचा दावा शिलाहारांच्या स्वतःच्या शब्दानेच बाद होतो. अरिकेसरी याचा ठाणे येथील ताम्रपट शके ९३९ मधील, म्हणजे इसवी सन १०१७ चा आहे. इसवी सन १७८७ मध्ये ठाण्यात जमीन खणताना तो सापडला. त्यात दानाची वार्ता ज्या नगरांच्या रहिवाशांस कळविली आहे, त्यांत श्रीस्थानक, पुरी आणि हंजमन ही तीन नावे स्वतंत्रपणे दिली आहेत. एकाच आज्ञापत्रात एकाच नगराचा दोन नावांनी दोनदा उल्लेख होणे संभवत नाही. ‘स्थान’पासून ‘ठाण’ व त्यापासून ‘ठाणे’ हा विकास इतका सरळ आहे की श्रीस्थानक म्हणजे ठाणे याविषयी शंका उरत नाही. मग पुरी ठाण्याहून वेगळी ठरते.

सोपारे व चौल यांचीही हीच गती. अनंतदेव याच्या खारेपाटण येथे मिळालेल्या ताम्रपटात (शके १०१६, इसवी सन १०९४) जकातमाफीच्या संदर्भात श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुली अशी बंदरे सांगितली आहेत. ‘शूर्पारक’ या शब्दातील ‘र्प’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘प्प’ झाले आणि म्हणूनच आजच्या ‘सोपारे’ या रूपात ‘प’ टिकून राहिला. ‘चेमुली’मधील स्वरमध्यस्थ ‘म’ मात्र क्षीण होत जाऊन ‘चेउल’ व ‘चौल’ ही रूपे सिद्ध झाली. दोन्ही विकास नियमाला धरून आहेत. ज्या राजवंशास ही दोन्ही नगरे त्यांच्या स्वतःच्या नावांनी परिचित होती, त्याने त्यांपैकी एखादीस ‘पुरी’ म्हणण्याचे कारण दिसत नाही. कल्याणाचे नाव कान्हेरीच्या प्राचीन लेखांतच ‘कलियण’ असे आलेले आहे. तेव्हा तेही या स्पर्धेतून बाजूला होते. मागाठाण्याचा पक्ष ‘मंगलपुरी’ अशा एका वाचनावर उभा आहे. परंतु मागाठाणे या नावाच्या उत्तरपदात ‘स्थान’ आहे, ‘पुरी’ नाही. आणि ‘पुरी’चे ‘ठाणे’ कोणत्याही ध्वनिनियमाने होत नाही.

उरल्या दोन : जंजिऱ्याजवळची राजपुरी आणि मुंबई बंदरातील घारापुरी.

४

या दोन्ही नावांत ‘पुरी’ हे पद स्पष्ट आहे, आणि बहुतेक अभ्यासक येथेच थांबतात. वस्तुतः खरा प्रश्न येथून सुरू होतो. प्राचीन सामासिक नाव जेव्हा लोकांच्या तोंडी अखंड चालत येते, तेव्हा त्यातील स्वरमध्यस्थ ‘प’ टिकत नाही. त्याचा ‘व’ होतो अथवा तो लोपतो. ‘दीप’पासून ‘दिवा’, ‘कपाट’पासून ‘कवाड’, ‘ताप’पासून ‘ताव’ हे शब्द आपल्या नित्य परिचयाचे आहेत. तसेच ‘राजा’तील ‘ज’ही टिकत नाही, ‘राय’ व ‘राव’ ही त्याची परंपरागत रूपे होत. प्रतिष्ठानाचे पैठण होते आणि जीर्णनगराचे जुन्नर होते. जुनी नावे अशी झिजतात. ‘राजपुरी’ व ‘घारापुरी’ ही रूपे मात्र उत्तरपदात अभंग आहेत. याचा अर्थ असा की, ही सामासिक नावे सातव्या शतकापासून जशीच्या तशी चालत आलेली नाहीत. ‘पुरी’ हा शब्द जिवंत व स्वतंत्र असताना त्याच्यामागे भेददर्शक विशेषण नंतर केव्हातरी लागले, किंवा शिष्टांनी त्या नावास पुन्हा संस्कृत वळण दिले.

पहिला पर्याय खरा असेल, तर त्या ठिकाणी कोणे एके काळी नुसते ‘पुरी’ हे नाव प्रचलित असल्याचा पुरावा मिळाला पाहिजे. घारापुरीच्या बाबतीत तो मिळतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बेटाचा उल्लेख करताना, तेथील लोक त्यास ‘पोरी’ म्हणतात व आम्ही त्यास हत्तीचे बेट म्हणतो, असे सांगितले आहे. डच प्रवासी लिन्सखोटेन याच्या १५९६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनातही हेच नाव येते. पोर्तुगीज कानांनी ‘पुरी’तील ऱ्हस्व ‘उ’ ‘ओ’सारखा ऐकावा यात नवल नाही. दोघांनाही शिलाहारांचे ताम्रपट ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या तोंडचे नाव टिपले. साक्षीदार निरपेक्ष असावा असे आपण म्हणतो, त्याचा याहून चांगला नमुना क्वचितच सापडेल. याउलट राजपुरीचे नाव सतराव्या शतकातील कागदांत ‘दंडा-राजपुरी’ असे जोडून येते.

बेटावर मिळालेल्या एका तांब्याच्या भांड्यावरील लेखाचीही येथे दखल घेतली पाहिजे. त्यावर विक्रम संवत ११४३, म्हणजे इसवी सन १०८६ च्या सुमाराचा काळ दिला असून जोगेश्वरी देवीचा व ‘श्रीपुरी’चा उल्लेख आहे. ‘श्रीस्थानक’ व ‘श्रीपुरी’ ही जोडी सहज जुळते. भांडे ही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी वस्तू आहे, हा आक्षेप रास्त आहे. एकट्या या भांड्यावर निर्णय टेकविता येणार नाही. परंतु अकराव्या शतकातील ‘श्रीपुरी’ आणि सोळाव्या शतकातील ‘पोरी’ ही एकाच बेटावरील दोन टोके पाहिली म्हणजे मधला धागा अखंड असावा असे मानावेसे वाटते.

‘घारापुरी’तील पूर्वपद ‘अग्रहार’पासून आले असावे अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ध्वनिदृष्ट्या ती अगदीच अशक्य नाही. ‘अभ्यन्तर’पासून ‘भीतर’ होताना आद्य ‘अ’ लोपतो, आणि ‘महिषी’पासून ‘म्हैस’ होताना हकार मागील व्यंजनात मिसळतो. त्याच धर्तीवर ‘अग्गहार’पासून ‘घार’ होऊ शकेल. पुढील दीर्घ ‘आ’ची उपपत्ती मात्र लागत नाही. त्याचप्रमाणे बेटावरील ‘मोरा’ बंदराचे नाव मौर्यांवरून पडले असे म्हटले जाते. ‘मौर्य’चे प्राकृतात ‘मोरिय’ होते हे खरे; पण ‘मयूर’चेही ‘मोर’ होते. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या असता प्रवासी कोणत्या वाटेने आला, हे केवळ पाऊलखुणांवरून सांगता येत नाही. म्हणून या दोन्ही व्युत्पत्तींचा आधार न घेता निष्कर्ष काढणे अधिक श्रेयस्कर. ‘घारा’ हे उत्तरकालीन विशेषण ठरते. त्याची व्युत्पत्ती काहीही निघाली तरी ‘पुरी’च्या स्थाननिश्चयास बाध येत नाही.

५

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो. दोन टेकड्यांचे, जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचे हे बेट राजधानीस पुरेसे कसे? हा आक्षेप वजनदार आहे, परंतु त्याच्या मुळाशी दोन वेगवेगळ्या प्रश्नांची सरमिसळ आहे.

पहिला प्रश्न पुरी कोठे होती हा; दुसरा, शिलाहारांचा राज्यकारभार कोठून चालत असे हा. या दोहोंचे उत्तर एकच असले पाहिजे असे आपण गृहीत धरले आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांत ‘पुरीप्रमुख चौदाशे गावांनी युक्त समग्र कोकण’ अशा आशयाचा शब्दसमूह ठराविक मायन्यासारखा पुनःपुन्हा येतो. त्याच घराण्याच्या बिरुदांत ते स्वतःस तगरपुराचे अधिपती म्हणवितात. परंतु तगर, म्हणजे आजचे तेर, उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताब्यात कधीच नव्हते. तेथे मूळस्थानाचा अभिमान बोलतो, प्रत्यक्ष सत्ता नव्हे. तेव्हा ‘पुरीप्रमुख’ हे पदही मौर्यांपासून वारशाने आलेले, स्वामित्वाचे प्रतीक झालेले असावे, असे मानणे गैर होणार नाही. १०९४ च्या ताम्रपटात नाव घेऊन सांगितलेल्या बंदरांत पुरी नाही, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. त्या सुमारास व्यापार ठाण्यास, सोपाऱ्यास व चौलास होता. पुरीस राहिली होती ती प्रतिष्ठा.

भाषेत असे वारंवार घडते. सामान्यनाम विशेषनाम होते आणि विशेषनाम पुन्हा सामान्यनाम होते. ‘पुरी’ म्हणजे नगरी. जी सर्वांत मोठी ती नुसती ‘पुरी’. अहमदनगरास, २०२४ मध्ये त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर होईपर्यंत, लोक पिढ्यान्‌पिढ्या नुसते ‘नगर’च म्हणत आले. कंबोडियातील अंगकोर हे नावही ‘नगर’ या संस्कृत शब्दापासूनच आले आहे. उलट दिशेचे उदाहरण चांगआनचे. ती नगरी उद्ध्वस्त झाल्यावर, राजधानी अन्यत्र असतानाही, चिनी कवी ‘चांगआन’ हा शब्द राजधानी या अर्थाने योजीत राहिले. त्या कवींच्या शब्दावरून तत्कालीन राजधानीचे स्थान शोधू जाणारा जसा फसेल, तसेच शिलाहारांच्या मायन्यावरून त्यांचे कारभाराचे ठिकाण शोधणारा फसतो.

हे ध्यानी घेतले म्हणजे बेटाच्या विस्ताराचा आक्षेप सौम्य होतो. मौर्यांची पुरी ही ८४ चौरस किलोमीटरची चांगआन नव्हे. समुद्रावर सत्ता असणाऱ्या एका छोट्या राजवंशाचे ते तटबंद बंदर. नौकांनी वेढा घालून जिंकावयाचे स्थळ बेट असणे हे तर स्वाभाविकच आहे. बेटावरील भव्य लेणी साधारण सहाव्या शतकातील मानली जातात. जेथे एवढी शिल्पसंपदा निर्माण झाली तेथे धनाढ्य आश्रयदाते होते, हे वेगळे सांगावयास नको.

६

समकालीन चिनी साक्षीचा या प्रश्नास काही उपयोग होतो काय, हेही पाहिले पाहिजे. ह्युएन त्संग हा यात्रेकरू इसवी सन ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात होता आणि ६४५ मध्ये चांगआनला परतला. त्याने ‘मो-हो-ला-छा’, म्हणजे महाराष्ट्र, या देशाचे व ‘पु-लो-कि-शे’, म्हणजे पुलकेशी, या राजाचे वर्णन केले आहे. राजधानीच्या पश्चिमेस मोठी नदी असून नगराचा घेर ३० ली आहे, असे तो सांगतो. ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर. नगराचे नाव मात्र तो देत नाही. म्हणून ही राजधानी कोणती, याविषयीही वाद आहेच. त्याने वर्णिलेले ‘कोंकणपूर’ म्हणजेच आपली पुरी, असे समजण्याचा मोह होतो. परंतु त्याच्या प्रवासक्रमात कोंकणपुराहून वायव्येस बरीच मजल मारल्यावर महाराष्ट्र लागतो. मुंबई बंदरापासून वायव्येस तर समुद्रच आहे. तेव्हा त्याचे कोंकणपूर फार दक्षिणेस शोधले पाहिजे.

एकाच दशकातील या दोन साक्षी शेजारी ठेवल्या म्हणजे आपल्या इतिहाससाधनांचे स्वरूप स्पष्ट होते. ऐहोळेच्या प्रशस्तीत राजधानीचे नाव आहे, स्थान नाही. चिनी यात्रेकरूच्या ग्रंथात स्थानाचे वर्णन आहे, नाव नाही. चांगआनच्या बाबतीत नाव, वर्णन व नकाशा ही तिन्ही लिहून ठेवणारे लोक त्याच भूमीत होते. आपल्याकडे ही तिन्ही कामे लोकांच्या जिव्हेवर सोपविली गेली, आणि जिव्हेने जेवढे राखले तेवढेच आज हाती आहे.

७

पुरीचा आरंभीचा उल्लेख नौकांच्या वेढ्याचा आहे, आणि तिच्या नावाने राज्य करणाऱ्या घराण्याचा अंतही समुद्रावरच झाला. इसवी सन १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेव याच्याशी झालेल्या संघर्षात शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीच्या लेखनावरून दिसते. सोमेश्वराचे शके ११८१ व ११८२ चे शिलालेख उरण तालुक्यात रानवड व चांजे येथे मिळाले आहेत. घारापुरी त्याच तालुक्यात आहे. म्हणजे अगदी अखेरीसही या घराण्याची सत्ता त्याच खाडीच्या काठावर टिकून होती.

या वादाचा निकाल कदाचित एका शिळेने लागला असता. घारापुरीच्या मुख्य लेण्याच्या द्वारावर एक लेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला व तो पुढे नाहीसा झाला, असे दियोगो दो कूतो याने लिहून ठेवले आहे. ती हानी भरून निघण्यासारखी नाही. परंतु दुसरी हानी आपल्या डोळ्यांदेखत होत आहे, आणि तिच्याविषयी आपणास काही करता येण्यासारखे आहे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून पनवेल व उरण या तालुक्यांतील भूमीचे रूप पालटत आले आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले, २०२४ मध्ये शिवडीहून समुद्रावरील सेतू आला आणि २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापण्यात आली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला व दहा गावे उठली. विकासाच्या युक्तायुक्ततेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास एवढेच सांगावयाचे की, गावाचे नाव नकाशावर राहते, परंतु शेतांची, बांधांची, खाजणांची, खडकांची व धक्क्यांची नावे ती जमीन कसणाऱ्यांबरोबर जातात. सात-बारावर सर्व्हे क्रमांक उरतो; शेताचे नाव उरत नाही.

पुरीचे नाव ताम्रपटांनी राखले हे खरे. पण ती कोठे होती हे सांगणारा सर्वांत विश्वसनीय शब्द सोळाव्या शतकातील अनामिक कोळ्यांच्या तोंडून आला आणि एका परदेशी वैद्याने तो टिपून ठेवला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. शिरढोणपासून मोऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात असे शब्द आजही वृद्धांच्या बोलण्यात असतील. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक गाव वाटून घेऊन तेथील शेतनामांची व किनारनामांची यादी, उच्चारासह व स्थाननिर्देशासह, तयार केली, तर ते काम दोन-तीन वर्षांत पुरे होण्यासारखे आहे. त्या यादीत राजधानीचा अवशेष सापडेलच असे नाही. परंतु चांगआनचे वर्णन लिहिणारा पंडित राजधानी मोडल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी लेखणी घेऊन बसला, तेव्हा सांगण्याजोगे काही शिल्लक होते. आपल्याकडे तितका अवधी आता राहिलेला नाही.